फोंड्याला जाण्याआधी एक पावसाळा

साठी पूर्ण झाली, बँकेतून निवृत्त झाले आणि घरात एकच विषय सुरू झाला: डोंबिवली सोडून जायचं कुठे? माझं माहेर गोव्यातल्या फोंड्याजवळच्या म्हार्दोळचं, सासर सावंतवाडीचं. ह्यांचा ओढा सावंतवाडीकडे, माझा फोंड्याकडे. सासूबाई ८१ वर्षांच्या. त्यांचं म्हणणं एवढंच, "डॉक्टर जवळ असेल तिथे न्या मला."

जन्म गोव्याचा म्हणजे ज्येष्ठांच्या सवलती आपोआप मिळणार, अशी माझी पक्की समजूत होती. पणजीला जाऊन समाजकल्याण खात्यात चौकशी केली. खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "बाय, पंदरा वर्सांचो रहिवास जाय." दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेत ज्येष्ठांना महिना २,००० रुपये मिळतात, पण त्यासाठी अर्जाआधीची १५ वर्षं गोव्यात काढलेली असावी लागतात. शिवाय उत्पन्नाची मर्यादा इतकी कमी आहे की पेन्शन असणाऱ्याचा प्रश्नच येत नाही. ते योग्यच आहे, तो पैसा ज्यांना आधार नाही त्यांचा आहे. मला जास्त लागलं ते दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं आरोग्य विम्याचं संरक्षण, पण ५ वर्षांच्या रहिवासानंतर. माहेरची माणसं, बोली, देव सगळं तिथलं, पण कागदावर मी बाहेरचीच. त्या दिवशी ठरवलं, हिशेब मांडायचा तो सवलत शून्य धरून. आणि जुनी मेडिक्लेम पॉलिसी काही झालं तरी बंद पडू द्यायची नाही.

सावंतवाडीची बाजूही कमी नव्हती. महाराष्ट्रात एसटीला बायकांना अर्धं तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्या सासूबाईंना प्रवास फुकट. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. आणि मोठं दुखणं आलं की तिथली माणसंसुद्धा गोव्यातल्या बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातच धावतात. फोंड्यात उपजिल्हा रुग्णालय गावातच आहे, बांबोळीही त्या मानाने जवळ.

सासूबाईंचं आयुष्मान वय वंदना कार्ड मात्र लगेच झालं. सत्तरीपुढच्या कोणालाही, उत्पन्न न बघता, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे रुग्णालयात भरती होऊन घेतलेले उपचार. जन्मभर भांडी घासून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात. अंगठा पाच वेळा दाबला, यंत्र घेईना. कार्ड काढणाऱ्या मुलाने ओल्या फडक्याने बोट पुसून पाहिलं, तरी नाही. शेवटी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी आला आणि काम झालं. तो नंबर चालू आहे ना, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आजच बघून ठेवा.

घर विकत घ्यायची घाई आम्ही केली नाही. जून ते सप्टेंबर फोंड्यात १५,००० भाड्याने राहून पाहिलं. गोवा बघायचा तर पावसात, डिसेंबरात सगळंच छान वाटतं. पहिली जागा पहिल्या मजल्यावर होती, लिफ्ट नाही. सासूबाई सोळा पायऱ्या चढून मधेच कठड्याला धरून उभ्या राहायच्या. पंधरा दिवसांत तळमजल्यावर आलो. तिथे ओल. कपाटातल्या रेशमी साडीवर पांढरी बुरशी धरली, चष्म्याच्या चामडी घरालाही. कपडे तीन-तीन दिवस वाळत नव्हते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, त्यामुळे बांगडेसुद्धा परवडेनात. भाजीने मात्र सांभाळून घेतलं. फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर कांदा-बटाटा बाजारापेक्षा स्वस्त मिळतो, तिथे सकाळी लवकर जायचं. रिक्षाचा खर्च मी धरलाच नव्हता. भाडं आधी ठरवावं लागतं आणि स्कूटर चालवता येत नसेल तर महिन्याला तो आकडा चांगलाच जाणवतो.

निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रकमेतले २० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ४१,००० रुपये येतात, पाच वर्षं दर बदलत नाही. पेन्शनला त्याची जोड मिळाल्यावर ह्यांचाही जीव भांड्यात पडला.

आता मागच्या बाजूला मोकळी गॅलरी असलेली तळमजल्याचीच, पण कोरडी जागा घेतली आहे, तीही भाड्यानेच. डोंबिवलीचं घर विकलेलं नाही. त्याच्या भाड्यात इथलं भाडं निघतं. आधारवरचा पत्ता बदलला, मतदार यादीत नाव घालायचा अर्ज दिला आणि भाडेकरार त्या अर्जाच्या पावतीसोबत एका फाइलमध्ये लावून ठेवलाय. ५ वर्षांनी रहिवासाचा दाखला मागायला जाईन तेव्हा हेच कागद काढावे लागणार आहेत.