एकसष्टावं मूल

३० सप्टेंबरला आमच्या शाळेत ६१ मुलं हजर होती. पटावर ६१, वर्गात ६१, खिचडीच्या पंगतीतही ६१. एरवी असा पूर्ण हजेरीचा दिवस वर्षातून दोन-चार वेळाच उगवतो. आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं वस्तीवर घरोघर फिरून आलो होतो, म्हणून तो त्या दिवशी उगवला. रात्री सरकारच्या विद्यार्थी-नोंदीच्या पोर्टलवर मात्र ६०च मोजली गेली.

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. शिक्षक तीन, त्यात मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडे. बाहेरच्या माणसाला ३० सप्टेंबर ही तारीख काही सांगणार नाही. आमचं पुढचं सगळं वर्ष तिच्यावर ठरतं. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी कोष्टक आहे : ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार. आमचं तिसरं पद एका मुलावर उभं होतं. त्यातही पटावर असणं पुरत नाही, मूल ‘आधार वैध’ असावं लागतं. नाव, लिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळली तरच ते मोजलं जातं.

दुसरीतली एक मुलगी जुळत नव्हती. आमच्या जनरल रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीत, तिची जन्मतारीख १४ ऑगस्ट, आधारवर १ जानेवारी. वर्ष तेच. आईचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, जन्माची नोंद आजोळच्या ग्रामपंचायतीत. आधारचा कॅम्प गावात आला तेव्हा आजी बाळाला घेऊन गेली, हातात दाखला नव्हता. तारीख माहीत नसली की आधारवर १ जानेवारी पडते.

आमच्या पिढीला १ जून पडायची. आईबाप पोराला शाळेत घेऊन यायचे आणि गुरुजी अदमासाने वर्ष धरून १ जून लिहायचे. म्हणून तर आमच्याकडे दर ३१ मे रोजी निवृत्तीची एवढी गर्दी असते. माझा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, असं आई सांगायची. सेवापुस्तकात मात्र १ जूनच आहे. या शाळेचा प्रभार घेतला त्या वर्षीच मी ठरवलं की माझ्या हातून एकाही लेकराच्या नावापुढे अंदाजाची तारीख पडणार नाही. प्रवेशाच्या वेळी दाखला नसला तर मी स्वतः ग्रामपंचायतीत जाते, दवाखान्याचं कार्ड शोधते. या मुलीचा दाखलाही मीच आजोळहून मागवला होता. त्या रजिस्टरचा मला अभिमान आहे. त्यात खाडाखोड नाही आणि वरिष्ठांच्या लेखी मान्यतेशिवाय लाल शाईची एक ओळसुद्धा नाही.

ऑगस्टपासून आम्ही आधारदुरुस्तीच्या मागे होतो. तालुक्याच्या केंद्रावर पहिल्या खेपेला सर्व्हर बंद. दुसऱ्या खेपेला बोटांचे ठसे येईनात; सात वर्षांच्या मुलीची बोटं, त्यात आईबरोबर शेतात राबलेली. तिसऱ्या खेपेला, २६ सप्टेंबरला, काम झालं आणि पावती मिळाली. प्रत्येक खेपेला आईची दिवसभराची मजुरी बुडाली. ती एकदाही कुरकुरली नाही. उलट मलाच म्हणाली, “बाई, तुमची शाळा बुडते ना माझ्यापायी?” पण पावती म्हणजे दुरुस्ती नव्हे. ३० तारखेला दुपारी स्क्रीनवर तिच्या नावासमोर ‘मिसमॅच’च होतं.

दुपारी केंद्रप्रमुखांचा, म्हणजे आमच्या भागातल्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांचा, फोन आला. “बाई, तेवढी एक व्हॅलिड करून घ्या. कशी, ते मला सांगू नका.” माणूस वाईट नाही. त्यांच्यावरही वरून तसाच फोन आलेला असतो. आमच्या दुसऱ्या बाईंनी तर लॅपटॉपच माझ्यापुढे सरकवला. मुख्याध्यापक लॉगिनमधून १४ ऑगस्ट पुसायचं, १ जानेवारी टाकायचं, पडताळणी दाबायची. दोन मिनिटांचं काम. रजिस्टरला हात लावायची गरज नाही, आधार दुरुस्त झालं की पोर्टलवर तारीख परत फिरवता येईल. “कुणाचं नुकसान आहे यात?” असं त्या म्हणाल्या. त्यांचं चूक होतं असं मला आजही ठामपणे म्हणता येत नाही.

आमचे सर काहीच बोलले नाहीत. ते सर्वांत कनिष्ठ, ‘पवित्र’ या सरकारी शिक्षकभरतीच्या पोर्टलमधून लागलेले. पद गेलं तर अतिरिक्त, म्हणजे शाळेत जागा न उरलेले, तेच ठरणार, हे त्यांना माहीत होतं. ते वर्गात पहिलीला ‘क’ आणि ‘फ’ शेजारी शेजारी लिहून फरक दाखवत बसले होते.

इथे एक सांगते, कारण बाहेरून हे दिसत नाही. ६० मुलांना दोन शिक्षक म्हणजे एकाला तीस. ऐकायला चांगलं वाटतं. पण तीस मुलांचा एक वर्ग आणि तीस मुलांचे दोन-तीन वर्ग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमचा पट असा : पहिली १४, दुसरी ११, तिसरी १३, चौथी १२, पाचवी ११. तीन शिक्षक होते तेव्हा पहिली एकट्या सरांकडे असायची, दुसरी-तिसरी त्या बाईंकडे, चौथी-पाचवी माझ्याकडे. दोन इयत्ता एका खोलीत चालवता येतात. एकीला स्वाध्याय द्यायचा, दुसरीला शिकवायचं, वीस मिनिटांनी अदलाबदल. टाचण, म्हणजे तासाचं नियोजन, नीट काढलं असेल तर मुलांना सांधा कळतही नाही. पहिलीला मात्र हे लागू पडत नाही. त्या मुलाला वाचताच येत नाही, तर स्वाध्याय कसला देणार? त्याच्या शेजारी बसावं लागतं, पेन्सिलीची पकड बघावी लागते, शब्दातला पहिला आवाज कोणता ते त्याच्या तोंडून काढून घ्यावं लागतं. चौदा मुलांशी रोज पाच-पाच मिनिटं असं बसलं तरी सत्तर मिनिटं जातात. सर रोज बसायचे. डिसेंबरपर्यंत त्यांची मुलं जोडाक्षराविना वाक्य वाचतात, हे मी दोन वर्षं पाहिलं आहे.

त्याच कायद्यात सहावी ते आठवीसाठी ‘प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक’ असं स्पष्ट लिहिलं आहे. पहिली ते पाचवीला ते वाक्य नाही. ज्यांना शिक्षक सर्वांत जवळ हवा, त्यांच्याच कोष्टकात वर्ग मोजलेले नाहीत, नुसती डोकी मोजली आहेत. हे कुणाला खटकलं कसं नाही, मला कळत नाही.

रात्री साडेनऊपर्यंत मी लॅपटॉपसमोर बसून होते. एकदा १४ ऑगस्ट पुसलंही. रिकामी चौकट बघितली. मग पुन्हा १४ ऑगस्ट टाइप केलं आणि बाहेर पडले. त्या क्षणी तत्त्व वगैरे काही आठवलं नव्हतं, गुरुजींच्या अक्षरातलं माझं १ जून आठवलं होतं. त्या मुलीची खरी तारीख राहिली. बाकीच्या साठांचा शिक्षक गेला.

तीन आठवड्यांनी आईच्या फोनवर आधार अद्ययावत झाल्याचा संदेश आला. पडताळणी दाबली, ‘वैध’ आलं. ६१. मी त्या दिवशीच पावती, जन्मदाखला आणि नवी प्रत जोडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. उत्तर आलं की विचार ३० सप्टेंबरच्या स्थितीचाच होईल. संचमान्यतेच्या कागदावर मंजूर पदं दोन आली आणि अतिरिक्त शिक्षकांना दुसरीकडे जागा देतात त्या समायोजनाच्या कॅम्पमध्ये सरांना दुसरी शाळा मिळाली.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत संयुक्त शाळा अनुदानाचा विषय होता. आमचा पट ३१ ते १०० मध्ये येतो, म्हणून वर्षाला २५,००० रुपये. साठ असोत की एकसष्ट, या कोष्टकात एक रुपयाचाही फरक पडत नाही. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर, बाकी वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती, साहित्य. पैसे हातात येत नाहीत, पीएफएमएस या सरकारी निधीच्या ऑनलाइन प्रणालीवर खर्चाची मर्यादा येते, ३१ मार्चच्या आत वापरली नाही तर निघून जाते. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळांच्या भिंती रंगतात. अध्यक्ष या पाचवीतल्या एका मुलीच्या आई, स्वतः सातवी शिकलेल्या. सगळी यादी ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “रंग राहू द्या बाई. गावात बारावी झालेली सून आहे, तिला पहिलीवर बसवू या पैशात.” मी सांगितलं, या अनुदानातून माणसाला मानधन देता येत नाही. “मग भिंतीला देता येतं?” त्या म्हणाल्या. मी इतिवृत्तात ‘रंगकामास मंजुरी’ असं लिहिलं. त्यांनी सही केली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आता पहिली, दुसरी आणि तिसरी माझ्याकडे आहेत, एका खोलीत ३८. चौथी-पाचवीची २३ मुलं दुसऱ्या बाईंकडे. प्रभाराची कामं आणि टपाल आहेच. पहिलीतली चार मुलं अजून ‘क’ आणि ‘फ’मध्ये अडकतात. ती चौघं वर बघून वाट पाहतात तेव्हा मला ती रिकामी चौकट दिसते. त्यांच्यापासून दोन हातांवर ती दुसरीतली मुलगी बसलेली असते. तिला यातलं काहीच माहीत नाही, आणि कुणी सांगू नये म्हणून मी सगळ्यांना बजावून ठेवलं आहे.

कार्यमुक्त होताना सरांनी कपाटाची किल्ली दिली आणि साहित्य मोजून दिलं. त्यात अक्षरकार्डांचे सहा संच होते, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडांना टेप लावलेला. पूर्वी सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळायचे. हे मात्र त्यांनी पगारातून केलं होतं. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीला, रकाना असतो : कोणत्या अनुदानातून. मी विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, “बाई, नोंद नका करू. नोंद केली की कपाटात जातात. मुलांच्या हातात राहू द्या.” मी नोंद केलेली नाही. संच सहाचे पाच झालेत, एक फाटला.