डॉसचा हिशेब नव्या संगणकावर: सगळं अडलं छपाईत

अडत दुकानाचा हिशेबाचा प्रोग्राम, क्लिपर या डॉसच्या (विंडोजआधीच्या सिस्टिमच्या) काळातल्या भाषेतला. सोर्स कोड कुणाकडेच नाही, त्यामुळे आहे तीच ईएक्सई (प्रोग्रामची फाइल) आणि नोंदींच्या त्याच डीबीएफ फाइली विंडोज 11 वर चालवायच्या होत्या. थेट चालत नाहीत. प्रोसेसर 64 बिट मोडमध्ये गेला की डॉसला लागणारा व्हर्च्युअल 8086 मोड मिळत नाही, आणि 64 बिट विंडोजमध्ये एनटीव्हीडीएम, म्हणजे डॉसचे प्रोग्राम चालवणारा भाग, नाहीच. 'कम्पॅटिबिलिटी मोड लावून बघा' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे.

डॉसच्या संगणकाची नक्कल करणारं डॉसबॉक्स-एक्स टाकलं, फोल्डर माउंट केला (त्यात ड्राइव्ह म्हणून जोडला), प्रोग्राम उघडला. साधं डॉसबॉक्स गेमसाठी बनलेलं, त्यात छपाईची सोय नाही, म्हणून एक्स.

खरा वैताग प्रिंटरचा. पट्टी, म्हणजे अडतीच्या हिशेबाची पावती, कार्बनसकट हवी, म्हणजे कागदावर ठोकून छापणारा डॉट मॅट्रिक्सच. नव्या मशीनला पॅरलल पोर्ट नसतो, आणि दुकानदार लगेच यूएसबी-पॅरलल केबल पुढे करतो. या केबलने विंडोजमध्ये यूएसबी001 असा पोर्ट तयार होतो, एलपीटी1 (पॅरलल पोर्टचं डॉसमधलं नाव) नाही, आणि डॉसचा प्रोग्राम यूएसबी पोर्ट ओळखत नाही, त्याला एलपीटी1 लागतो. नोटपॅडमधून झकास छापून येतं, प्रोग्राममधून ढिम्म. हे केबल विकणारा कधीच सांगत नाही.

केबल असू द्या, पण वाट वेगळी काढा. प्रिंटर शेअर करून त्याला छोटं, जागा न सोडलेलं नाव द्या, समजा डीएमपी. मग कमांड प्रॉम्प्टवर (टाइप इंग्रजी अक्षरांतच करायचं):

नेट यूज एलपीटी1 \\संगणकाचं-नाव\डीएमपी /पर्सिस्टंट:येस

ही खिडकी 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून' उघडू नका. तिथे केलेली जोडणी नेहमीसारख्या उघडलेल्या डॉसबॉक्सला दिसत नाही, आणि एररही धड काही सांगत नाही. नंतर डॉसबॉक्स-एक्सच्या कॉन्फिग फाइलच्या पॅरलल विभागात, इंग्रजीतच:

पॅरलल1=फाइल डेव्ह:एलपीटी1 टाइमआउट:3000

टाइमआउट मिलिसेकंदांत असतो. छपाई संपली हे प्रोग्राम कळवतोच असं नाही, अक्षरं येणं थांबलं की डॉसबॉक्सने ओळखायचं. आकडा फार कमी ठेवला तर लांब पट्टी दोन जॉबमध्ये तुटते. 'ॲडएफएफ' (शेवटी फॉर्मफीड, म्हणजे पान बाहेर काढायचा कोड, जोडणारा पर्याय) सरसकट लावू नका. प्रोग्राम स्वतः फॉर्मफीड पाठवत असेल तर प्रत्येक पट्टीमागे एक कोरा कागद वाया जातो.

अक्षरं बारीक न होता 132 कॉलमची ओळ तुटत असेल तर प्रिंटरच्या सेटिंगमध्ये एप्सन मोड आहे का बघा. बारीक अक्षरांचा कोड 15 आणि परत मोठ्यांचा 18, ही एप्सनची भाषा.

हे आधी सांगायला हवं होतं: डीबीएफचा फोल्डर आधी पेनड्राइव्हवर कॉपी करा. आणि दोन संगणक एकच डेटा उघडणार असतील तर फाइल लॉकिंग चालू आहे याची खात्री करा, नाहीतर एकाच वहीत दोघं एकदम लिहितात आणि इंडेक्स बिघडतो.

गिस्ट कार्डावर (भारतीय लिप्यांसाठीचं सी-डॅकचं कार्ड) मराठी छापणारे जुने प्रोग्राम मात्र या वाटेने चालत नाहीत. ते कार्ड मशीनच्या आत स्लॉटमध्ये बसायचं, आणि डॉसबॉक्स त्याची नक्कल करत नाही.