तुम्ही विचारलंत म्हणून: माझे ३१ मार्क

“सिस्टर, तुम्ही तेव्हा कशा सावरलात?” वॉर्डात शिकायला येणाऱ्या मुली निकालाच्या आठवड्यात हे हमखास विचारतात. तेही औषधांच्या ट्रॉलीपाशी, माझ्याकडे न बघता. फार्माकोलॉजीत, म्हणजे औषधशास्त्रात, मला ७५ पैकी ३१ पडले होते हे मी एकदा बोलून गेले, तेव्हापासून नापासांचं खातं माझ्याकडे आलंय.

तर ऐका. पहिले चार दिवस मी सावरले वगैरे नाही. ‘पेपर कडक तपासला’ असं सगळ्यांना सांगितलं आणि पांघरूण घेऊन पडून राहिले. झोंबलं ते वेगळंच. मी अभ्यास केला होता! पुस्तक तीनदा वाचलं होतं, पिवळ्या-गुलाबी मार्करनं रंगवलं होतं. आळस केला असता तर निदान कारण तरी हाताशी असतं.

पाचव्या दिवशी शिक्षिकेकडे जाऊन उत्तरपत्रिका बघायला मागितली. जीव नकोसा झाला, पण खरी सुरुवात तिथे झाली. पहिलंच गणित ड्रिपचं: १००० मिली सलाइन ८ तासांत द्यायचं, सेट २० थेंबांना एक मिलीचा. मी तासांची मिनिटं केलीच नव्हती. १००० गुणिले २० भागिले ४८०, म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब. माझं उत्तर होतं २५००. बाई रागावल्या नाहीत. “हे थेंब मोजून दाखव,” एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून गणित सुटलं की मी आधी डोळ्यांसमोर ड्रिप चेंबर आणते.

दुसरी चूक जास्त खोल होती. रुग्ण फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) आणि डिगॉक्सिन (हृदयाचं औषध) दोन्ही घेतोय, मळमळतंय, सगळं पिवळट दिसतंय, रक्तातलं पोटॅशियम ३.०, म्हणजे कमी, आधी काय कराल? फ्युरोसेमाइडनं लघवीवाटे पोटॅशियम जातं हे मला पाठ होतं. डिगॉक्सिनआधी स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण मिनिट ठोके मोजायचे, हेही पाठ. पण पोटॅशियम उतरलं की डिगॉक्सिनची विषबाधा व्हायचा धोका वाढतो, ही दोन्हींमधली गाठ मी कधी बांधलीच नव्हती. डिगॉक्सिनचा डोस थांबवून, ठोके मोजून, लगेच डॉक्टरांना कळवायचं. मी लिहिलं होतं, ‘औषध वेळेवर द्यावे.’ त्या उत्तराला शून्य मिळालं ते बरंच झालं.

मग मार्कर ड्रॉवरमध्ये गेले. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं. पहिल्या दिवशी चार ओळीसुद्धा आल्या नाहीत. तीन वेळा वाचलेलं पुस्तक, आणि चार ओळी नाहीत! पुढे कधीतरी रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग वाचनात आला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हापुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे. आमची परीक्षा काही पाच मिनिटांनी नव्हती.

फेरपरीक्षेत ५२ पडले. फार नाहीत, पण ड्रिपचं गणित बरोबर आलं. (झोप-जेवण उडालं असेल, रडू थांबत नसेल, तर उत्तरपत्रिका राहू द्या, आधी कुणाशी तरी बोला, समुपदेशक असेल तर त्यांच्याशीच.)

आणि हो, डिगॉक्सिन द्यायच्या वेळी मी घड्याळावर नजर लावून पूर्ण साठ सेकंद मोजते. तेवढ्यात कुणी काही विचारलं तर मी ऐकत नाही, मान हलवत नाही, ‘हं’ही म्हणत नाही. परवा तुमच्यातल्या एकीला त्याचा राग आला. तो माझ्यावर काढू नका, त्या ३१ मार्कांवर काढा.