फोंडा घाटात गाडी बसली: ‘पंप गेला’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी

डिझेल गाडीत पी००८७ (डिझेलचं प्रेशर कमी असल्याचा) कोड आला आणि तेवढ्यावर मेकॅनिक ‘हाय प्रेशर पंप गेला’ म्हणाला, तर किल्ली परत घ्या आणि दुसरीकडे जा. मालवणहून परतताना याच कोडवर मला ४२ हजारांचं एस्टिमेट मिळालं होतं. गाडी शेवटी २,३०० रुपयांत बरी झाली. पंप आजही तोच आहे.

मालवणचे दिवस मस्त गेले, पण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी थेट परतीवर येतो.

रस्ता मालवण, कणकवली, फोंडा, दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर आणि मग पुणे. कणकवलीपर्यंत गाडीने कुरकुर केली नाही. फोंडा गाव सोडलं, घाट लागला, आणि तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यात टाकून अॅक्सिलरेटर दाबला तसा गाडीतला जीवच गेला. इंजिन चालू, आवाज नेहमीचा, धूर नाही, पण उचल शून्य. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा आणि मागून एसटीचा हॉर्न. जागा बघून कडेला घेतली, बंद करून पुन्हा चालू केली, तर काही झालंच नाही अशी चालायला लागली. दोन वळणांनंतर पुन्हा तेच. रेलमधलं (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या जाड नळीतलं) प्रेशर मागणीइतकं येत नाही असं दिसलं की इंजिनचा कॉम्प्युटर ताकद छाटतो; यालाच लिंप मोड म्हणतात. पुन्हा स्टार्ट केल्यावर तो बहुधा सुटतो, दोष मात्र जागेवरच असतो.

त्या वळणांवर उभं राहून दुरुस्ती करायला जाऊ नका. कठडा आणि गाडी यांच्यामध्ये माणूस उभा राहील एवढीही जागा बऱ्याच ठिकाणी नाही, आणि वरून खडीचे डंपर येतात. मी गाडी वळवून खाली आणली. उतरताना न्यूट्रल करायचं नाही, गिअरमध्येच ठेवायची. नेमकं तेव्हा इंजिन बंद पडलं तर ब्रेकचा बूस्टर आणि स्टिअरिंगची पॉवर दोन्ही जातात.

खाली महामार्गालगतच्या एका गॅरेजात स्कॅनर लावला. कोड पी००८७, म्हणजे रेलमधलं प्रेशर कमी. हा कोड ब्लूटूथ अडॅप्टरमुळे माझ्या फोनवर आधीच दिसत होता, तरी स्कॅनिंगचे १,५०० घेतले. बॉनेट उघडून तिथल्या माणसाने पाइपला हात लावला आणि सांगितलं, “साहेब, हाय प्रेशर पंप बसला. ४२ हजार, लेबर वेगळं. गाडी कोल्हापूरला टोइंग करून न्यायची तर ९ हजार. निम्मे आत्ता द्या, उद्या सकाळी पाठवतो.” फिल्टर कधी बदलला, टाकीत किती डिझेल आहे, गाडी सपाटीला कशी चालते, यातलं एकही त्याने विचारलं नाही. फिल्टर उघडून बघू या म्हटलं, तर “फिल्टरने एवढं होत नाही” असं उत्तर मिळालं. फिल्टरने एवढं सहज होतं. मी गाडी घेऊन निघालो.

पी००८७ प्रेशर कमी आहे एवढंच सांगतो, कोणामुळे कमी आहे ते सांगत नाही. कॉमन रेल गाडीत डिझेल टाकीतून निघतं, फिल्टरमधून हाय प्रेशर पंपाकडे येतं, तिथून रेलमध्ये आणि रेलमधून इंजेक्टरमध्ये जातं. बऱ्याच गाड्यांत टाकीतच विजेवर चालणारा छोटा पंप असतो आणि तो पुढे साधारण तीन ते पाच बार (बार म्हणजे प्रेशरचं माप) प्रेशरने डिझेल ढकलतो. काही गाड्यांत तो नसतो, पुढचा पंपच ओढून घेतो. रेलमध्ये आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि पाय वर असताना, अडीचशे-तीनशे बार असतात, चढावर पूर्ण ताकद मागितली की हजाराच्या वर जातात, आणि बऱ्याच इंजिनांत कमाल १,६०० पर्यंत. मागून डिझेलच कमी आलं तर पुढचा पंप कितीही धडधाकट असला तरी हे आकडे गाठणार नाही. आयडलला ठीक, सपाटीला ठीक आणि चढावर मरते, ही खूण दिसली की पहिला संशय मागच्या बाजूवर घ्यायचा. मागची बाजू स्वस्तात तपासून होते.

संध्याकाळी लॉजच्या अंगणात जेवढं हाताने होतं तेवढं केलं. पहिलं, सगळं शांत असताना मागच्या सीटवर कान ठेवून किल्ली फक्त ऑन केली. टाकीतला पंप दोन-चार सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. आवाज आला. आला नसता तर आधी फ्यूज आणि रिले बघायचा. रिले काही शे रुपयांत येतो आणि त्यापायी पंप बदललेली माणसं मी पाहिली आहेत. दुसरं, फिल्टरच्या तळाचा ड्रेन सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घेतलं आणि तासभर ठेवलं. पाणी असलं तर खाली वेगळा थर बसतो. माझ्या बाटलीत पाणी नव्हतं. टॉर्चच्या उजेडात बाटली हळूहळू फिरवून बघितली, चमकी नव्हती. ही चमकी म्हणजे पंपाच्या पोटातला धातू. ती दिसली तर गाडी एक इंचही पुढे नेऊ नका. मग पंप, इंजेक्टर, रेल, टाकी सगळं साफ करावं किंवा बदलावं लागतं आणि तेव्हा ४२ हजारसुद्धा कमी पडतात. ती नसताना नुसत्या कोडवर पंप बदलायला तयार होऊ नका.

तिसरं, फोनवर मागितलेलं प्रेशर आणि प्रत्यक्ष प्रेशर हे दोन आकडे शेजारी लावून गाडी चालवली. हजारभराचं ब्लूटूथ अडॅप्टर आणि एखादं अॅप एवढ्यावर भागतं, फक्त तुमच्या गाडीचे हे आकडे ते वाचतं ना, हे घरी असतानाच बघून ठेवा. हलक्या पायाने दोन्ही आकडे जोडीने चालत होते. पाय दाबला की मागणी ९०० वर जायची, प्रत्यक्ष आकडा ६०० ला अडकायचा, आणि दिवा लागायचा.

त्यामुळे घाट चढायचा कसा ते ठरलं. पहाटे उजाडताच, एसी बंद, दुसरा गिअर, दोन हजारांच्या आत आरपीएम, आणि शेजारी बसलेला भाऊ सतत आकडे वाचत होता. फरक शंभरच्या वर गेला की पाय उचलायचा. डिझेल हेच त्या पंपाचं वंगण असतं. उपाशी पंपाला जोर लावत राहिलात की खरोखरच त्याचा धातू सुटतो आणि गॅरेजवाल्याचं भाकीत तुम्हीच खरं करून देता. आकडे बघायची सोय नसेल तर असा चढ चढू नका, टोइंगचे पैसे द्या. वर पोचायला नेहमीच्या दुप्पट वेळ लागला. दाजीपूरच्या जंगलात फोनला रेंज जवळजवळ नाही आणि तिन्हीसांजेला गवे रस्त्यावर येतात. गाडीबद्दल शंका असेल तर या रस्त्याने अंधारात मुळीच जायचं नाही. आंबोली घ्या, वळसा पडतो, पण वर्दळ आणि मदत दोन्ही जास्त आहेत.

राधानगरीला चहा घेतला. धरण बघायला कोणाचा जीव राहिला नव्हता.

कोल्हापुरात साध्या गॅरेजात न जाता पंप लॅब शोधली. डिझेल पंप आणि नोझल उघडून टेस्ट बेंचवर लावणाऱ्यांची ही वेगळी जमात आहे, आणि उसाच्या पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या गावात ट्रॅक्टरमुळे असं कोणीतरी असतंच. तिथल्या मिस्त्रींनी आधी दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारले. मग इंजेक्टरच्या चार रिटर्न पाइपांना (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या) चार बाटल्या लावल्या आणि गाडी चालू ठेवली. चारही बाटल्या जवळपास सारख्या भरल्या. एखादी भराभर भरली असती तर प्रेशर त्या इंजेक्टरमधून गळतंय असं निघालं असतं. नंतर फिल्टरच्या पुढे पारदर्शक पाइप जोडला. बुडबुडे नव्हते, म्हणजे डिझेलच्या लाइनमध्ये कुठे हवा शिरत नव्हती. मग त्यांनी डब्यात स्वच्छ डिझेल घेतलं, त्यात स्वतःकडचा इलेक्ट्रिक पंप सोडला आणि माझ्या टाकीला बाजूला ठेवून गाडी थेट डब्यावर चालवली. रेस दिली. दोन्ही आकडे एकाला एक चिकटून वर गेले. “बघा की, पंपाला काय बी झालं न्हाई. मागनं जेवायला मिळंना त्येला.” ही एक चाचणी ज्याला येते त्याच्याकडेच गाडी द्या. इतकं साधं काम आहे आणि अर्ध्या लाखाचा निर्णय त्याने फिरतो.

मागची सीट उचलली, टाकीवरचं झाकण काढलं. कनेक्टर बाहेर आला तेव्हा त्याच्या चारपैकी एक पिन काळी पडलेली, भोवतीचं प्लास्टिक वितळून तपकिरी झालेलं, आणि वायरचं इन्सुलेशन बोटभर कडक झालेलं. मिस्त्रींनी मीटर लावला. पंप बंद असताना १२.४ व्होल्ट, चालू केल्यावर ९.६. थोडा वेळ चालवत ठेवल्यावर आणखी घसरले. पिन तापते, विजेला अडथळा वाढतो, पंपाला वीज कमी पडते, आणि तो गुणगुणतो पण ढकलत नाही. म्हणून ‘आवाज येतो म्हणजे पंप ठीक’ यावर थांबायचं नाही. व्होल्टेज पंप चालू असताना, कनेक्टरवरच मोजायला लावा. बंद पंपावर मोजलेला आकडा काही कामाचा नाही.

नवीन कनेक्टर वायरसकट कापून जोडला, अर्थचा बोल्ट घासून साफ केला, फिल्टर बदलला. फिल्टरचं खोकं आणि छापील किंमत मागून घ्या, जुना फिल्टर समोर कापून दाखवायला सांगा. मिस्त्रींनी न मागता दाखवला. कागदाच्या घड्यांत काळा गाळ होता, धातू नव्हता. सगळे मिळून २,३००.

काम झालं म्हणून सरळ पुण्याचा हायवे धरू नका. कोल्हापूरहून पुण्याकडे येताना खंबाटकीला बोगदा लागतो, गाडीचा कस लागेल असा घाटच नाही, आणि दोष राहिला असला तरी घरी पोचेपर्यंत कळणार नाही. पन्हाळा वीसेक किलोमीटरवर आहे. आम्ही वाघबीळहून वर तिसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू, पाय पूर्ण दाबून चढलो. मागणी १,२००, प्रत्यक्ष १,१९०. भाऊ मोठ्याने आकडे वाचत होता आणि मागे बाबा टाळ्या वाजवत होते. इतका आनंद मला किल्ला बघूनही झाला नसता, आणि आम्ही किल्ला बघितलाही नाही.

कोणाच्याही हातात गाडी देताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. जुन्या डिझेल गाड्यांत इंजिन चालू ठेवून एकेक नोझलचा नट सैल करून मिसिंग (कुठला सिलिंडर नीट काम करत नाही ते) शोधायची पद्धत होती आणि अनेकांचे हात अजून त्याच सवयीने चालतात. कॉमन रेलमध्ये हे करू देऊ नका. हजार बारची धार कातडीतून आत शिरते, बाहेरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि हात कायमचा जाऊ शकतो. असं कोणाला झालं तर रक्त नाही, दुखत नाही म्हणून थांबायचं नाही, थेट सर्जन असलेल्या दवाखान्यात न्यायचं. इंजिन बंद करून काही मिनिटं गेल्याशिवाय त्या पाइपांना पाना लागता कामा नये.