चौसष्ट अक्षरं

दिवाळी अंक छपाईला जायच्या आदल्या दिवशी सदाशिव पेठेतल्या एका डीटीपीवाल्या काकांचा फोन आला. "अरे, लगेच ये. अ‍ॅप उघडतच नाहीये."

एक कथा जुन्या फॉन्टमध्ये आली होती. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारख्याच उमटणाऱ्या अक्षरांत, आणायला काकांनी एक मोफत कन्व्हर्टर मिळवला होता. मॅकच्या पडद्यावर सूचना होती, की या अ‍ॅपमध्ये मालवेअर नाही याची अ‍ॅपलला खात्री करता आलेली नाही. शेजारी टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडं होतं. ही तपासणी सगळ्याच अ‍ॅपसाठी बंद करणारी कमांड कुणीतरी काकांना दिली होती, एंटर दाबायचा तेवढा बाकी होता.

मी अडवलं. "काका, एकाला आत घ्यायला दिंडी दरवाजा पुरतो. अख्खा दरवाजा कशाला काढताय?"

त्या सूचनेमुळे अ‍ॅप वाईट ठरत नाही. अ‍ॅपलकडून तपासून घ्यायचं तर डेव्हलपरला वर्षाला 99 डॉलर भरावे लागतात. फुकट अ‍ॅप देणारा एकटा माणूस बरेचदा ते भरत नाही. मग खात्री आपणच करायची. मी विचारलं, "फाइल आली कुठून?"

"भाच्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली."

डेव्हलपरच्या पानावर फाइलचा SHA-256 दिलेला होता. तो फाइलचा ठसाच, आत जराही बदल झाला की ठसा बदलतो. आपल्या फाइलचा ठसा काढायला मी टर्मिनलमध्ये 'shasum -a 256' चालवलं. चौसष्ट अक्षरं. पानावरच्याशी पहिली चारसुद्धा जुळेनात. जुनी आवृत्ती असेल किंवा कुणी हात लावलेला असेल, कळायला मार्ग नव्हता. फाइल पुसली. 2017 च्या मे महिन्यात हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्टरच्या एका मिरर सर्व्हरवरची (प्रती ठेवलेल्या दुसऱ्या सर्व्हरवरची) फाइल अशीच बदलली गेली होती, तेव्हापासून मी हे कधीच टाळत नाही.

मूळ पानावरून पुन्हा उतरवली. काका चार-चार अक्षरं वाचत गेले, मी पडद्यावर बोट ठेवत गेलो. शेवटपर्यंत जुळलं.

पूर्वी कंट्रोल धरून क्लिक केलं की 'ओपन' मिळायचं. मॅकच्या 2024 च्या सिकोया आवृत्तीपासून ती वाट बंद झाली. म्हणून अ‍ॅप एकदा उघडून पाहिलं, सूचना 'डन' करून बंद केली, आणि सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त खाली जाऊन 'ओपन एनीवे' दाबलं. ते बटण साधारण तासभरच दिसतं. पासवर्ड काकांनीच टाकला. वाय-फाय मी बंद ठेवलं होतं, कारण फॉन्ट बदलायला इंटरनेट लागत नाही. आणि कथेची मूळ फाइल न देता प्रत दिली.

मजकूर उतरला. 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यांतला अर्धा र तेवढा सगळीकडे तुटला होता. काकांनी चष्मा पुसला आणि एकेक शब्द दुरुस्त करायला बसले.