फेदरवेटच्या दस्त्यातले चारशे ग्रॅम

विंचेस्टर मॉडेल ७० फेदरवेट, बोअर .३०-०६, नळी २२ इंची, दुर्बीण नाही, पट्टा काढलेला. काट्यावर वजन आलं ३ किलो ५५० ग्रॅम. ही रायफल ३१०० ते ३२०० ग्रॅमच्या दरम्यान बसायला हवी होती. कंपनीने १९५२ मध्ये हे मॉडेल काढलं तेच मुळी वजन उतरवण्यासाठी: नळी नेहमीपेक्षा बारीक आणि दोन इंच आखूड, खालची प्लेट, चापाचा गार्ड आणि बट प्लेट ॲल्युमिनियमची. .३०-०६ बोअरची फेदरवेट आली १९५५ मध्ये. मग जास्तीचे चारशे ग्रॅम आले कुठून?

ठाण्यात आमच्याकडे दुरुस्ती आणि मूल्यांकन दोन्ही कामं येतात. ही रायफल आली होती मूल्यांकनाला. नौपाड्यातल्या एका गृहस्थांना ती वडिलांकडून वारसाने मिळालेली, परवाना आता त्यांच्या नावावर. भावंडांत वाटणी चालू होती, त्यासाठी कागदावर किंमत हवी होती. सोबत त्यांचा भाचा आलेला. तो न्यूझीलंडला क्राइस्टचर्चमध्ये नोकरी करतो आणि तिथे डोंगरात थार मारायला जाण्यासाठी हलकी रायफल घ्यायच्या विचारात होता. थार हा आपल्या हिमालयातला रानबकरा. १९०४ मध्ये तो तिकडच्या दक्षिण बेटावर सोडला, तो इतका माजला की आता त्याची संख्या आटोक्यात ठेवण्यासाठी शिकार करू देतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो विषय मिटलेला आहे, त्यामुळे मामाची रायफल कपाटात आणि भाच्याची खरेदी तिकडे. पण दोघांचा प्रश्न एकच निघाला: वजन कुठून काढायचं आणि त्याचे पैसे किती.

परवाना आणि नळीवरचा नंबर ताडून रजिस्टरला नोंद केली, बोल्ट काढून नळी आणि मॅगझिन रिकामं असल्याची खात्री केली आणि मग तोल पाहिला. सुतळीच्या फासात रायफल आडवी टांगायची आणि ती जिथे सरळ राहते तिथे खडूची रेघ मारायची. या मॉडेलचा तोल दस्त्याच्या पुढच्या स्क्रूच्या आसपास यावा. इथे तो तिथून सुमारे चार सेंटीमीटर मागे आला. म्हणजे जास्तीचं वजन बटमध्ये, दस्त्याच्या खांद्याकडच्या टोकात होतं. रायफल कानाशी धरून हलवली तर आतून बारीक ‘डग’ असा आवाजही आला.

मॉडेल ७० ला खालून तीन स्क्रू असतात. पुढचा आणि मागचा ॲक्शनला (बोल्ट ज्यात चालतो तो पोलादी सांगाडा) दस्त्यात बांधतात. मधला फक्त गार्डचं पुढचं टोक धरून ठेवतो, तो ताकदीने आवळला तर ॲक्शनच मधे वाकते आणि रायफल अचूक राहत नाही. या रायफलचा मधला स्क्रू सर्वांत घट्ट होता आणि त्याची खाच झिजलेली होती, म्हणजे कोणीतरी आधी हात घातला होता. खाचेत पूर्ण बसेल अशा पात्याचा स्क्रूड्रायव्हर घासून तयार केला, मगच हात लावला. पातं सैल असेल तर खाच फाटते, आणि जुन्या रायफलवर फाटलेली खाच म्हणजे किमतीत सरळ घट.

सुटे भाग तोलले. नळी, ॲक्शन, बोल्ट, गार्ड सगळं लोखंड-ॲल्युमिनियम मिळून २१३० ग्रॅम. दस्ता १४२०. अक्रोडाचा असा दस्ता किलोच्या आसपास भरतो.

बट प्लेटचे दोन स्क्रू काढले. प्लेटखाली लाकडात पाऊण इंच व्यासाचं, पाच इंच खोल भोक पाडलेलं होतं, आणि आत कापडात गुंडाळलेली शिशाची कांडी. नुसती कांडी ४०० ग्रॅम. कापड कुजलं होतं, शिशावर पांढरी भुकटी धरली होती. लाकडातून सुटणारी आम्लं आणि ठाण्याची पावसाळी हवा एकत्र आली की शिशाचं हेच होतं. ती भुकटी विषारी असते, म्हणून हातमोजे घालून, ओल्या फडक्याने टिपून घेतली. फुंकर मारायची नाही.

शिसं का भरलं असेल हे सांगायला फार विचार लागत नाही. १५० ग्रेनची (पावणेदहा ग्रॅमची) गोळी मारली की ३१५० ग्रॅमच्या .३०-०६ मधून खांद्याला साधारण २८ ज्यूलचा धक्का बसतो. गोळी तीच असेल तर धक्क्याची ऊर्जा वजनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून ३५५० ग्रॅमला ती २५ च्या जवळ येते. फायदा तीन ज्यूलचा, जेमतेम अकरा टक्के. खांद्याला दुखत होतं ते धक्क्याच्या आकड्यापेक्षा कडक ॲल्युमिनियमच्या प्लेटमुळे. शंभर ग्रॅमचं रबरी पॅड यापेक्षा जास्त काम करतं, कारण ते धक्का देण्याचा वेळ लांबवतं. पॅड बसवायला दस्ता कापावा लागतो हे खरं, पण वरून चढवायचं मोज्यासारखं पॅडही मिळतं, त्याला एक कणही लाकूड कापावं लागत नाही.

खरं नुकसान मात्र भोकात नव्हतं. ॲक्शनचं शेपूट जिथे लाकडात रुततं तिथून मागे, मनगटाच्या (दस्त्याचा मुठीत धरायचा बारीक भाग) दिशेने, दीड इंच लांबीची बारीक चीर होती. वरून पॉलिशखाली ती दिसत नव्हती, स्पिरिटचा बोळा फिरवला तेव्हा रेघ ओली राहिली. कारणं दोन. शेपटाच्या मागे अर्धा-पाऊण मिलिमीटर मोकळी जागा हवी, म्हणजे गोळी सुटताना मागे येणारी ॲक्शन फक्त रिकॉइल लगवर, म्हणजे धक्का पेलणाऱ्या ठोकळ्यावर थोपते. इथे लग जिथे टेकतो ते लाकूड दबून शेपूट पाचरीसारखं थेट लाकडाला भिडलं होतं. दुसरं, शिसं. गोळी सुटली की ॲक्शन मागे झेप घेते आणि दस्त्याला ओढून नेते. बटमध्ये चारशे ग्रॅम जास्त असले तर तेवढं वस्तुमान हलवायचा जोर मनगटातून जातो, आणि दस्त्यात सर्वांत बारीक तेच. वर कांडी सैल झालेली, म्हणजे प्रत्येक बाराला आतून घण. खांद्याला वाचवायला भरलेलं वजन मनगटाच्या लाकडावर आलं होतं.

“मग मी घेणार ती दोन किलो तीनशेची, तिच्या दस्त्याचं काय होईल?” भाच्याने विचारलं. पोराचा प्रश्न बरोबर होता.

त्याच्या यादीत तीन नावं होती: रुगर अमेरिकन, टिक्का टी३एक्स लाइट आणि किंबरची ८४एम मोंटाना. तिन्ही .३०८ मध्ये. तिघींत हलकेपणा वेगवेगळ्या जागेहून काढला आहे, आणि किंमत त्यावर ठरते.

रुगर पावणेतीन किलोच्या थोडी वर. दस्ता साच्यात ओतलेल्या प्लास्टिकचा, ॲक्शन बसते धातूच्या दोन व्ही ठोकळ्यांवर. ही बैठक चांगली आहे, या किमतीत अपेक्षेपेक्षा चांगली. कमजोरी पुढच्या भागात: नळीखालचं प्लास्टिक बोटांनी दाबलं तरी वाकतं. बायपॉडवर (पुढच्या दोन पायांवर) भार टाकला किंवा पट्टा हाताला गुंडाळून ताणला की ते नळीला टेकतं आणि गोळी सरकते. पिशवीवर टेकवून मारणाऱ्याला हे कधी कळतही नाही.

टिक्का २.८ ते २.९ किलो. फिनलंडमधल्या रीहिमाकीच्या सॅको कारखान्याची. दस्ता काचतंतू मिसळलेल्या प्लास्टिकचा, रुगरपेक्षा ताठ. पोकळ बटचा ढबढब आवाज मारायला आत फोमचा तुकडा घातलेला असतो. वेगळेपण असं की रिकॉइल लग ॲक्शनला नाही, दस्त्यात बसवलेला सुटा तुकडा आहे. आधीच्या टी३ मध्ये तो ॲल्युमिनियमचा होता आणि जड बोअरला दबायचा, टी३एक्समध्ये पोलादी केला. ॲक्शन सगळ्या बोअरना एकाच लांबीची, त्यामुळे .३०८ सारखं आखूड काडतूस घेऊन वजनात काहीच सुटत नाही. हे विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही.

किंबर कंपनीच्या आकड्यानुसार ५ पौंड २ औंस, म्हणजे २.३२ किलो. इथे वजन फक्त दस्त्यातून काढलेलं नाही. ॲक्शन .३०८ च्या मापाची लहान, नळी बारीक, दस्ता कार्बन आणि केव्हलारचा, स्क्रूभोवती धातूचे खांब आणि ॲक्शनखाली इपॉक्सीची बैठक. मोठी काडतुसं हवी असतील तर ८४एल नावाची लांब ॲक्शन वेगळी येते. मनगटाची काळजी इथे कमी: तंतूंचे थर मनगटातून सलग जातात, लाकडासारखी रेषेत चीर जात नाही, आणि बट जवळजवळ पोकळ असल्याने ओढायला वजनच नसतं. उलट अशा दस्त्यात शिसं भरणं म्हणजे विकत घेतलेलं सगळं वाया घालवणं.

आता पैसे. अमेरिकेतले तेव्हाचे अंदाजे भाव धरले तर रुगर ५०० डॉलरच्या आसपास, टिक्का ८००, किंबर १४००. नुसती रायफल पाहिली तर टिक्कावरून किंबरवर जाताना ६०० डॉलरमध्ये ४८० ते ५८० ग्रॅम सुटतात, म्हणजे शंभर ग्रॅमला १०० डॉलरच्या वर. पण डोंगरात नुसती रायफल कोणी वाहत नाही. न्यूझीलंडमध्ये सप्रेसर (आवाज दाबणारं नळकांडं) सर्रास लावतात, तो ३५० ग्रॅम धरा. दुर्बीण, ती बसवायच्या रिंगा, पट्टा, पाच काडतुसं (.३०८ चं एक काडतूस २४-२५ ग्रॅम). बेरीज करून दाखवली: टिक्का ३.९ किलोच्या जवळ, किंबर ३.३ ते ३.४. हे ३५० ग्रॅमची दुर्बीण आणि हलक्या ॲल्युमिनियमच्या रिंगा धरून.

भाच्याने मनात ठरवलेली दुर्बीण ५६ मिलिमीटर भिंगाची होती, ७०० ग्रॅमच्या वरची, पोलादी रिंगांसकट किलोला टेकणारी. तिच्याऐवजी ३-९ × ४० ची (३ ते ९ पट, ४० मिलिमीटर भिंगाची) साधी दुर्बीण घेतली तर रिंगांसह अर्धा किलो उतरतो, म्हणजे किंबरने वाचवलं असतं जवळजवळ तेवढंच, आणि पैसे उलट कमी लागतात. थार दिवसा उजेडात, उघड्या कड्यांवर दिसतो. मोठं भिंग लागतं ते संधिप्रकाशात.

दस्त्याचा आकार पाहा, हेही सांगितलं. मामाच्या रायफलचा गालाचा भाग मागे उतरता आहे, उघड्या माशी-खाचेसाठी घडवलेला. त्यावर दुर्बीण लावली की गाल हवेत राहतो आणि धक्क्याला दस्ता वर उसळून गालफडावर बसतो. नव्या हलक्या दस्त्यांचा गाल जवळजवळ सरळ रेषेत असतो, धक्का सरळ मागे जातो. अडीच किलोची सरळ दस्त्याची रायफल तीन किलोच्या उतरत्या दस्त्याच्या रायफलपेक्षा सोसवते. सप्रेसरने धक्का आणखी कमी होतो, पण तो नळीच्या टोकाला लटकतो. हलक्या दस्त्याच्या रायफलचा तोल त्याने फार पुढे जातो, म्हणून नळी २० इंचांवर जाऊ देऊ नये.

भाच्याने टिक्का आणि हलकी दुर्बीण असं ठरवलं. मला विचारलं असतं तर मीही तेच म्हटलं असतं, फक्त किंबर कुठे चांगल्या अवस्थेत जुनी मिळाली तर हातातून सोडू नये.

मामांच्या दस्त्याचं काम पावसात लगेच करता येत नव्हतं. शेपटाभोवतीचं लाकूड वर्षानुवर्षांच्या तेलाने काळं पडलेलं. रायफल नळी वर करून उभी ठेवली की तेल ओघळून नेमकं तिथेच मुरतं आणि लाकूड भुसभुशीत होतं. आधी खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून लेप द्यायचा, सुकला की तेल ओढून तो पिवळा होतो, झटकून पुन्हा द्यायचा, पांढराच राहीपर्यंत. मग दस्ता सिलिका जेलच्या बंद पेटीत ठेवायचा आणि रोज तोलायचा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड कोरडं. त्याआधी इपॉक्सी भरली तर चिकटत नाही, नुसती वर बसते. चीर पाचरीने किंचित उघडून पातळ इपॉक्सी, क्लॅम्प, चोवीस तास. मग शेपटामागची जागा मोकळी करायची आणि लगच्या मागे इपॉक्सीची पातळ बैठक. पितळी पिन घातली असती तर जास्त मजबूत झालं असतं, पण ती दिसते.

मूल्यांकनाच्या कागदावर लिहिलं ते असं. १९६४ पूर्वीची ॲक्शन, काडतूस धरून ठेवणारा रुंद पंजा असलेली. नळी, बोल्ट, बट प्लेट मूळच्या. दस्ता मूळचा, न कापलेला, बटमध्ये नंतर पाडलेलं भोक, मनगटाला दुरुस्त होणारी चीर. मधल्या स्क्रूची खाच खराब. परदेशी संग्राहक भोकासाठी आणि चिरेसाठी किंमत चांगलीच कापतील, आणि .३०-०६ ही या मॉडेलची दुर्मिळ बोअर नव्हे, .३५८ असती तर गोष्ट वेगळी. आपल्या इथे आयात बंद असल्याने परदेशी रायफलला तिकडच्या कितीतरी पट भाव मिळतो आणि तो ठरतो नळीच्या आतल्या अवस्थेवर. नळी स्वच्छ होती, आटे धारदार. म्हणून इथल्या किमतीत दस्त्याची वजावट थोडीच धरली आणि तसं कारणासकट नमूद केलं. घेणारा परवानाधारकच हवा आणि व्यवहार परवाना अधिकाऱ्याच्या नोंदीतूनच, हेही शेवटच्या ओळीत.

कांडी प्लास्टिकच्या जाड पिशवीत बंद करून, वर वजन लिहून मामांना परत दिली. दस्ता भोक मोकळं ठेवूनच बंद होणार, वजन ३१५० ग्रॅम.