खुरीच्या वाळूपर्यंत पोहोचताना

जैसलमेरहून जोधपूरला जाणारी आमची सकाळची बस रद्द झाल्याचा संदेश आदल्या रात्री आला, पर्यायी बस दुसऱ्या दिवशी रात्री दहाची मिळाली आणि डिसेंबरातला एक अख्खा दिवस हाती मोकळा राहिला. किल्ला, पटवांची हवेली आणि गडीसर तलाव पाहून झाले होते, त्यामुळे वाळूच्या टेकड्यांकडे जाण्याचे ठरले. समच्या टेकड्या शहराच्या पश्चिमेला सुमारे 40 किलोमीटरवर आहेत आणि खुरी नैऋत्येला त्याहून थोडी लांब. समला तंबूंच्या रांगा आणि ध्वनिक्षेपक फार, म्हणून आम्ही खुरी निवडली.

गाडे अडले ते किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या एका प्रवासी एजंटाच्या काउंटरवर. आम्हाला जायला-यायला जीप आणि तासभर उंट एवढेच हवे होते. त्याच्याकडे मात्र तंबूतला मुक्काम, रात्रीचे जेवण आणि कालबेलिया नृत्य यांचे एकत्र पॅकेजच होते. रात्रीच्या बसचे तिकीट दाखवल्यावरही, ‘मुक्काम करू नका, पण पैसे पॅकेजचेच पडतील,’ हे त्याचे पालुपद सुटेना. बरीच घासाघीस झाल्यावर तो ‘शेअरिंग’ जीपला तयार झाला, आगाऊ रक्कम घेतली, आधार कार्डाच्या झेरॉक्स मागितल्या आणि स्वतःचे यंत्र बंद असल्याने आम्हाला रस्त्यापलीकडे पिटाळले. परत आलो तर म्हणाला, ‘बैठिए, बस दो सवारी और आ रही हैं।’

त्या दोन सवाऱ्या दुपारभर येतच राहिल्या. दर अर्ध्या तासाने तो फोन कानाला लावी, ‘हाँ, निकल गए?’ असे विचारी आणि आमच्याकडे पाहून मान डोलावी. डिसेंबरात तिथला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि खुरीला पोहोचायला तासभर लागतो, हे साधे गणित त्याला समजावताना माझा आवाज चढला, आणि त्याचा मला अजूनही खेद नाही. शेवटी मी पावती त्याच्यासमोर ठेवून पैसे परत मागितले, तेव्हा दोन मिनिटांत जीप आली; ती शेजारच्या गल्लीतच उभी होती आणि चालक आत झोपला होता! न आलेल्या सवाऱ्यांचा उल्लेख पुन्हा कोणी केला नाही.

म्हणून सांगतो, पावतीवर नुसते ‘कॅमल राइड’ असे लिहू देऊ नये. किती वेळ, कुठून कुठपर्यंत आणि परतीचा प्रवास धरून की सोडून, हे सारे लिहून घ्यावे. आमच्या पावतीवर ‘एक तास’ असे लिहिलेले होते म्हणूनच, उंटवाल्याने पहिल्याच टेकडीवर उतरवू पाहिले तेव्हा आम्हाला ती दाखवता आली.

उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो, त्यामुळे स्वार एकदम पुढे फेकला जातो. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो आणि पुन्हा तीच गत होते. दोन्ही वेळा मागे रेलून खोगिराची मागची कड धरावी. पायी चढायचे असेल तर वाऱ्याकडची बाजू धरावी, कारण ती मंद उताराची आणि घट्ट असते. आडोशाकडच्या बाजूला तीस-बत्तीस अंशांचा सुटा उतार असतो आणि तिथे एक पाऊल वर टाकले की अर्धे खाली येते. आम्ही पोहोचलो तेव्हा उन्हे कलली होती, वाऱ्याने उमटवलेल्या बारीक लहरींच्या कडा त्या तिरप्या उजेडात स्वच्छ दिसत होत्या, आणि त्यांवरून एका भुंगेऱ्याच्या पायांची टाक्यांसारखी दुहेरी रांग थेट खींपाच्या झुडपापर्यंत गेली होती. दुपारी निघालो असतो तर हे आणखी दोन तास पाहता आले असते, ही रुखरुख राहिलीच.

हा सारा भाग राष्ट्रीय मरुउद्यानाच्या परिसरातला, आणि सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपल्याला ठाऊक असलेल्या माळढोकाचा आज उरलेला मुख्य आसरा. तो दिसेल अशी आशा अशा धावत्या फेरीत धरू नये. आम्हाला दिसला नाही.

स्वेटर मात्र दुपारीच पिशवीत टाकावा. कोरडी वाळू उन्हाने जितकी लवकर तापते तितकीच लवकर निवते, आणि उघड्या जीपमधला परतीचा तास चांगलाच बोचतो. उरलेली रक्कम शहरात परतल्यावरच द्यायची, असे मी निघतानाच बजावले होते. काउंटर तोवर बंद झाले होते, तेव्हा ती चालकाच्या हाती देऊन पावतीच्या मागे त्याची सही घेतली आणि बस गाठली.